श्रावणात आलेला साल्मन

आमची टीम दिवसभर माशांना जेवायला घालायची. टीममधल्या निम्म्या लोकांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, आणि जे खायचे त्यांनी हा मासा कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

नॉर्वेत खाडीच्या पाण्यात जाळ्यांचे मोठे गोल पिंजरे असतात आणि त्यांत साल्मन वाढवतात. वरून यंत्र खाण्याच्या गोळ्या फेकतं, पाण्याखाली कॅमेरे असतात. मासे भुकेले असले की गोळ्या वरच्यावर संपतात. पोटं भरली की गोळ्या तशाच खाली जायला लागतात. त्या खाली जाणाऱ्या गोळ्या ओळखायच्या आणि यंत्राला ‘आता पुरे’ सांगायचं, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करायचं. ते हिंजवडीत चौथ्या मजल्यावर लिहिलं जायचं. माझं काम टेस्टिंगचं. कॅमेऱ्यातून जे पडताना दिसतंय ती गोळी आहे की माशाची शी, हे सॉफ्टवेअरला नीट कळतं का, ते मी बघायची. घरी बाबांना मी ‘इमेज प्रोसेसिंग’ असं सांगितलं होतं. त्यांनी मला पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यांना सगळंच सांगण्याची गरज नव्हती.

आमचे मॅनेजर नारायण पेठेतले. त्यांच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. पण सकाळी आल्या आल्या बॅग ठेवायच्या आधी ते विचारायचे, “काल जेवले का सगळे?”

“तीन नंबरचे जेवत नाहीयेत, सर.”

“का? काय झालंय त्यांना?”

“पाणी गार झालंय.”

“अहो, मग थोडं थोडं द्या. एकदम पानात वाढू नका.”

तीन नंबरच्या पिंजऱ्याची त्यांनी विशेष काळजी घेतली होती. त्यातले मासे आठवडाभर जेवेनात तेव्हा सरांचाही डबा अर्धा परत जायचा. माशांच्या अंगावर बारीक किडे धरतात आणि ते खाऊन टाकायला पिंजऱ्यात वेगळे छोटे मासे सोडतात, हे कळल्यावर ते खूश झाले. “म्हणजे त्यांच्याकडे धुण्याभांड्याला बाई आहे,” म्हणाले. पिंजऱ्यातल्या साल्मनचं मांस आपोआप केशरी होत नाही, त्यासाठी खाण्यात रंगद्रव्य घालावं लागतं, हे मात्र त्यांना आवडलं नव्हतं. मांसाचा रंग ताडून बघायला क्लायंटने रंगांची एक पट्टी पाठवली होती, रंगाच्या दुकानात असते तशी. टीममधल्या एकीने लग्नाचा शालू तिच्यावरून ठरवला. दुकानदाराला साडीची छटा दाखवायला ती पट्टी पर्समध्ये घालून लक्ष्मी रोडला गेली होती.

या सगळ्यात मी बोलायची कमी. दुपारी सगळे एकत्र डबे उघडायचे, एकमेकांच्या भाज्या घ्यायचे. मी दुधी, गवार, बटाटा असल्या कोणाच्याच घरच्या नसलेल्या भाज्या न्यायची. त्या सकाळी उठून मी स्वतः करायची, कारण आईच्या हाताला भंडाऱ्याचा मसाला होता आणि तो डब्याच्या झाकणाबाहेर बोलायचा. आई-बाबा भंडाऱ्याकडचे. बाबा खडकीच्या फॅक्टरीत लागले आणि आम्ही इथल्या क्वार्टर्समध्ये आलो. आम्ही बौद्ध. हे मी लपवलं होतं असं नाही. कोणी विचारलं नव्हतं, आणि कोणाला विचारावंसं वाटू नये अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. “कुठल्या तुम्ही?” म्हटलं की “खडकी.” “मूळच्या?” म्हटलं की “बाबा फॅक्टरीत आहेत.” एवढ्यावर बहुतेक लोक भाजीकडे वळायचे. आडनावावरून काही पक्कं ठरत नव्हतं. आमच्या घरी काय शिजतं हे ऑफिसात कोणालाही माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं एवढीच माझी इच्छा होती.

मग क्लायंटकडून एक गृहस्थ आले. उंच, लाजरे, उन्हाने लाल झालेले. आम्ही आपसात त्यांना ‘नॉर्वेकर’ म्हणायला लागलो. त्यांनी सोबत थर्माकोलचा मोठा खोका आणला होता. त्यात बर्फाच्या पिशव्यांखाली अख्खा साल्मन.

गेटवरच्या सिक्युरिटीने खोका उघडायला लावला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?”

सरांनी विचार केला. “नॉन,” म्हणाले. पण आवाजात खात्री नव्हती.

खरी अडचण पुढे होती. ऑफिसात मांसाहार चालत नसे. कँटीनवाल्याने फ्रिजच्या दाराला पाठ लावली आणि “यात आम्ही दूध ठेवतो” एवढंच सांगितलं. इमारतीत दुसरी गार जागा एकच, सर्व्हर रूम. म्हणून मासा तिथे ठेवला. खोक्याशेजारी ज्या मशीन घुरघुरत होत्या त्यांच्यात याच माशाच्या जेवणाचा सगळा हिशेब साठवलेला होता. आत जाताना सगळे आवाज खाली आणायचे, आजारी माणसाच्या खोलीत जावं तसे.

नॉर्वेकरांची इच्छा साधी होती. ज्यांनी माशाला जेवू घातलं त्यांनी तो एकदा खावा, आणि तो कसा शिजवतात ते आपल्याला बघायला मिळावं. पण महिना श्रावणाचा होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मीटिंग बोलावली. नॉर्वेकर टेबलाच्या टोकाला हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. मीटिंग मराठीत चालली होती.

“या माशाची ओनरशिप कोण घेतंय?” सरांनी विचारलं.

रत्नागिरीचा एक डेव्हलपर होता. तो रोज दहीभात खाताना बांगड्यापासून मोरीपर्यंत एकेका माशाची आठवण काढायचा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नका,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुठल्याही महिन्यात आणा, डोक्यासकट संपवतो. श्रावण आहे. आईने फोनवर शपथ घातलीय.”

“तुमच्या रूमवर नुसता शिजवाल का?”

“सर, शिजवून न खाणं हे माझ्याच्याने होणार नाही.”

शालूवाली म्हणाली, त्यांच्याकडे फक्त अंडं, आणि तेही बाहेर. मासे खाणारा एक बंगाली टीममध्ये होता, पण तो त्या वेळी नॉर्वेतच गेलेला होता आणि तिथून ‘इथे नुसते बटाटे देतात’ अशा मेल पाठवत होता. बाकीच्यांपैकी कोणाचा श्रावण, कोणाचा सोमवार, कोणाच्या सासूबाई आलेल्या.

“मग नदीत सोडावा का?” सर म्हणाले.

“सर, तो मेलाय.”

“ते मला दिसतंय. विसर्जन म्हणतोय मी.”

नॉर्वेकरांचं हसू हळूहळू कमी झालं होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “मासा खराब झालाय का? मी मुद्दाम निवडून आणला. तीन नंबरच्या पिंजऱ्यातला आहे.”

सर उभे राहिले. “तीन नंबरचा?” ते मराठीतच म्हणाले. “जो जेवत नव्हता तो?”

आता त्याला नदीत टाकणं शक्य नव्हतं. मी आईचा विचार करत होते. मुळा-मुठेत एवढा मासा फेकला असं तिला कळलं असतं तर ती ऑफिसात आली असती. मला वाटतं मी तेवढ्यासाठीच बोलले.

“आमच्याकडे चालतं, सर.”

आवाज माझाच होता. रत्नागिरीकर वळला. “श्रावणात?”

“हो.”

आणखी एक प्रश्न येणार हे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. तो यायच्या आत सरांनी नॉर्वेकरांना बातमी सांगून टाकली. ते इतके आनंदले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी येतो म्हणाले. “आणि क्लायंटला एकटं पाठवता येत नाही,” सर मला म्हणाले, “तेव्हा मीही येईन.”

म्हणजे मासा गेला असता तर माझी सुटका होती, आणि मासा घेतला तर ऑफिस घरी येणार होतं. मी मासा घेतला होता.

खोका मांडीवर घेऊन मी कॅबने घरी आले. आईने मोरीजवळ पाट मांडला, विळी घेतली, आणि माशाच्या डोक्याची बाजू उचलून बघितली.

“याचे कल्ले कुठी गेले?”

“त्यांनीच काढले.”

“अन् पोट?”

“तेही साफ करून आणलंय.”

“मंग ताजा आहे का शिळा, कसं पाहू मी? सगळं काढून ठेवलं अन् म्हनते खा.” तिने कापायला सुरुवात केली आणि थांबली. “काऊन गं, याले रंग मारला का?”

आता खोटं बोलायचं की खरं, हे कळेना. “मारला नाही. त्याच्या खाण्यातून देतात.”

“पाह्य बरं. मले पाहूनच समजलं.” तिने तुकडे मीठ-हळद लावून तीनदा धुतले. रंग गेला नाही. “पक्का आहे,” ती नाराजीने म्हणाली आणि रात्रीपुरते ते फ्रीजरमध्ये टाकले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर घरी आले. आमच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो, जो आमच्या प्रत्येक घरी असतो. मी खुर्च्या अशा मांडल्या की पाहुण्यांची पाठ त्या भिंतीकडे होईल. बाबा फॅक्टरीतून आले, हातपाय धुतले, आणि खुर्च्या उलट्या फिरवल्या.

“बाबा, राहू द्या ना.”

“पंखा इकडे आहे. पाहुण्यांना गरम नाही का होणार?”

ते माझ्याकडे बघत होते. मी खुर्च्यांना परत हात लावला नाही.

नॉर्वेकर आले ते सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांनी खिशातून सुईसारखा थर्मामीटर काढला आणि तव्यावरच्या पहिल्या तुकड्यात खुपसला.

आई एक पाऊल मागे सरली. “ताप पाहून राहिला का माशाचा?”

“आतून किती शिजलाय ते बघतायत. म्हणतात, मध्ये थोडा कच्चा ठेवायचा. आता लगेच काढा.”

“पाहुन्याले कच्चं वाढू? लोक काय म्हनतील?”

“आई, पाहुणे तेच आहेत.”

“म्हनून तं.”

मी दोन भाषांच्या मध्ये उभी होते. ते म्हणत होते काढा, ती म्हणत होती थांबा, आणि मी दोघांनाही ‘होतंच आलंय’ असं सांगत होते. शेवटी आईने त्यांच्यापुरता एक तुकडा त्यांना पाहिजे तसा काढून दिला आणि बाकीचे रश्शात सोडले. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, आणि आईचं ते लालभडक तिखट. रस्सा खदखदायला लागल्यावर नॉर्वेकरांनी त्यातही थर्मामीटर धरला. आकडा वर चढत गेला, चढत गेला. त्यांनी यंत्र पुसून मुकाट्याने खिशात ठेवलं.

तव्यात मात्र आईला नवल दिसलं होतं. तिने पळीभर तेल घातलं होतं आणि काढायच्या वेळी तुकडा वाढलेल्या तेलात पोहत होता. ते तेल तिने वाटीत ओतून घेतलं. “याले तेल लागत नाही,” ती म्हणाली. “हाच देते.”

बाहेर सर आणि बाबा समोरासमोर बसले होते. म्हणजे सरांच्या समोर बाबा आणि बाबांच्या मागे ती भिंत. मी दारातून बघत होते. सरांनी भिंतीकडे एकदा पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं.

“जेवून जा, सर,” बाबा म्हणाले. “साधी भाजी-पोळीपण आहे.”

“नको, आज माझा उपास आहे.”

त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारचा उपास असतो का? असला तर श्रावणातला वेगळा असतो का? आमच्याकडे उपासच नसतात. त्यामुळे सर खरं बोलतायत की घर बघून बोलतायत, हे ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं. सोमवार असता तर मला कळलं असतं.

“चहा चालतो ना उपासाला?” बाबांनी विचारलं.

“चहाला कोण नाही म्हणतं?”

आईने चहा केला. सरांनी बशीत ओतून, फुंकर मारून तो प्यायला. मी कप रिकामा होईपर्यंत दारातून हलले नाही. गोळी आणि शी यांतला फरक ओळखण्याचा पगार मिळतो मला, पण त्या बशीवरून मला काहीच ओळखता येईना.

मग नॉर्वेकर जेवायला बसले. कच्चट तुकडा त्यांनी मन लावून खाल्ला आणि रश्शाला हात घातला. पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईने साखरेचा डबा पुढे केला. ते साखर खात, नाक पुसत, पुन्हा रस्सा घेत होते. जरा दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी मला विचारलं, “ऑफिसमध्ये मला सांगितलं की हा महिना पवित्र आहे, या महिन्यात मासा खात नाहीत. तुमचा महिना वेगळा आहे का?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ‘आम्ही तेवढे कडक नाही.’ असली गुळगुळीत वाक्यं मी वर्षानुवर्षं जवळ बाळगते. पण बाबांना इंग्रजी कळतं, फॅक्टरीतल्या ड्रॉइंगांपुरतं आणि त्याहून थोडं जास्त. ते माझ्याकडे बघत होते. आईला कळत नव्हतं, पण प्रश्न आलाय हे तिला समजलं होतं आणि ती पळी हातात धरून उभी होती. सर रिकाम्या बशीत बघत होते.

“वी आर बुद्धिस्ट,” मी म्हणाले. नॉर्वेकरांकडे बघून. सरांकडे नाही.

नॉर्वेकरांनी हातातला घास खाली ठेवला. “बुद्धिस्ट?” ते ताडकन उभे राहिले. “पण मग तुम्ही शाकाहारी आहात! माझ्यामुळे तुम्हाला हे करावं लागलं? मला कोणीच सांगितलं नाही!”

“काय झालं याले?” आई घाबरली. “काटा लागला का?”

“नाही. ते म्हणतात, बौद्ध लोक मासे खात नाहीत.”

“याले कोनी सांगतलं?”

“तिकडे सगळ्यांना तसंच वाटतं.”

नॉर्वेकर माफी मागत होते. जीव घेणं आमच्या धर्मात पाप आहे हे त्यांनी वाचलं होतं. बाबा शांतपणे ऐकत होते. मग मला म्हणाले, “त्यांना सांग, मारला तुम्ही. आम्ही फक्त शिजवला.”

मी शब्दशः सांगितलं. नॉर्वेकर थोडा वेळ उभ्याने विचार करत राहिले. “हे बरोबर आहे,” म्हणाले आणि खाली बसून त्यांनी रस्सा मागितला.

सरांच्या बाजूने कसला तरी आवाज आला. ते हसत होते. हसू आवरून त्यांनी चष्मा पुसला.

“अहो, हे आधी सांगायचं,” ते मला म्हणाले.

“काय, सर?”

“की तुमच्याकडे चालतो. अख्खी मीटिंग वाचली असती. काल सकाळी आंघोळ करून मी बर्फाच्या फॅक्टरीत गेलो होतो, या माशासाठी. तिथला माणूस विचारतो, साहेब, मयत कोणाची?”

बाबा मोठ्याने हसले. मीही हसले, पण ‘हे आधी सांगायचं’ या वाक्याचा विचार मी अजून करते. पुण्यातला माणूस एवढंच बोलला, तर त्याला तेवढंच म्हणायचं असतं की पुढचं मनात ठेवायचं असतं, हे मला अजून कळत नाही.

निघताना सर चपला घालून दारात घुटमळले. मला वाटलं, आता. पण ते आईकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, एक विचारू? मासा अंगाने कसा होता? म्हणजे, नीट जेवलेला वाटत होता का?”

आईने आत जाऊन ती वाटी आणली. “पाहा ना, भाऊ. एवढं तेल निघालं एका तुकड्यातून. भरल्या घरचा होता.”

सरांनी वाटीत बघितलं. “बरं झालं,” ते म्हणाले. “फार काळजी होती.” आणि नॉर्वेकरांना घेऊन ते गेले.

सकाळी मला उठायला उशीर झाला आणि डबा आईने भरला. काय भरलंय ते मी विचारलं नाही, कारण बसमध्ये बसल्यावर पिशवीतून मला ते कळलं. दुपारी मी कँटीनच्या टेबलापर्यंत गेले. शालूवाली माझ्या शेजारी बसायची. ती त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर होती. “डाएट चालू केलंय,” तिथून म्हणाली. असेलही, लग्न जवळ आलं होतं. कँटीनवाला डब्याकडे बघायला लागला तेव्हा मी डबा उचलून खाली पार्किंगच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

थोड्या वेळाने रत्नागिरीकर दहीभात घेऊन तिथे आला. माझ्यापासून दोन पायऱ्या सोडून बसला.

“मी खाणार नाहीये,” त्याने जाहीर केलं. “शपथ आहे. नुसता बसतोय.”

“बस ना.”

“सर म्हणाले, मासा छान झाला होता. सरांना काय कळणार त्यातलं?” त्याने दहीभाताचा घास घेतला. “तुमच्याकडे श्रावण नसतोच का?”

“नाही. आम्ही बौद्ध आहोत.”

“अच्छा,” तो म्हणाला. दोन पायऱ्यांचं अंतर तेवढंच होतं. ते श्रावणामुळे होतं की कशामुळे, ते मी विचारलं नाही. वारा त्याच्याकडे वाहत होता. त्याने मान थोडी पुढे काढली.

“खोबरं ओलं नाही वाटत.”

“सुकं आहे.”

“सुकं? माशाला?” त्याला खरोखरच धक्का बसला होता. “आणि कोकम?”

“आम्ही कोकम घालत नाही. चिंच.”

“अरे देवा. मसाला तरी कुठला?”

एरवी मी ‘घरचाच’ म्हटलं असतं आणि तो गप्प झाला असता. मी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. “तो भंडाऱ्याहून येतो,” मी म्हणाले. “माझी मावशी पाठवते. आधी खोबरं चुलीच्या जाळावर धरून काळं होईस्तोवर भाजायचं. आमच्याकडे गॅसवर भाजतात, पण आई म्हणते त्याला ती चव नाही. मग खसखस...”

तो ऐकत होता. मी सांगत राहिले.